सेमाडोहच्या वाटेवर डांस भेटले तेव्हा

सेमाडोहला जायचा बेत असेल, तर पावसाळा सरताना जा. फक्त दुपारी सिपना नदीकाठी रेंगाळू नका. का, ते मी सतरा वर्षांची असताना शिकले.

माझी ताई सेमाडोहला बाळंत झाली होती. भाऊजी तिथल्या लाकडाच्या डेपोत कारकून होते. बाळ पाहायला बाबा आणि मी अंजनगावजवळच्या आमच्या गावाहून बैलगाडीनं निघालो. ज्वारीचं पोतं, तूरडाळ, मेथीचे लाडू आणि जवसाची चटणी, एवढं सामान एसटीत कोण घेणार? पहिला मुक्काम परतवाड्याला, आत्याकडे. पुढे घाट. तेव्हा रस्ता मुरमाचा होता, चढावर आम्ही उतरून गाडीमागे चालायचो. सागाला फुलोरा आला होता आणि प्रत्येक वळणावर पाण्याचा आवाज.

दुसऱ्या दुपारी ऊन चटकलं आणि पवळ्या, आमचा डाव्या अंगाचा बैल, अडला. मान झटकी, पाय आपटी. बाबांनी पराणी टोचली. दोन पावलं चालून तो पुन्हा अडला. बाबांनी काठीनं मारलं, तसा तो उसळून सिपनेच्या दरीकडे वळला. गाडीचं एक चाक रस्त्याच्या कडेवर आलं. मी किंचाळले. बाबांनी वेसण धरून दोन्ही बैल कसेबसे थोपवले.

वरच्या कुरणातून एक गवळीण धावत आली. मोठा दगड तिनं चाकाला लावला आणि बाबांवर ओरडली, "काहून मारून राहिले त्याले? पोटाखाली पाहा ना!"

बाबा वाकले. पवळ्याच्या पोटाला मधमाशीपेक्षा मोठे डांस, गुरांचं रक्त पिणाऱ्या रानमाश्या, चिकटले होते. रक्ताचे ओघळ खुरापर्यंत आले होते.

"मले वाटलं, माजला हाये," बाबा म्हणाले.

बाईचं नाव सोनाबाई. ती आम्हाला तिच्या गुरांच्या वाड्यावर घेऊन गेली. ओलं गवत, शेणी आणि कडुनिंबाचा पाला टाकून तिथं धूर केला होता, आणि तिच्या म्हशी आपण होऊन त्या धुरात उभ्या होत्या. पवळ्याही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. तिनं करंजाचं तेल दिलं. मी ते दोन्ही बैलांच्या पोटाला, पायांना चोळलं. माझ्या दंडावरही दोन टपोऱ्या गांधी उठल्या होत्या, त्यांनाही लावलं.

मग तिनं पाणी आणलं. आम्ही धम्म घेऊन दोन वर्षं झाली होती, पण बाबांनी जुन्या सवयीनं ओंजळ पुढे केली. सोनाबाईनं लोटाच त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग तोंड लावून प्याले.

"डांस उन्हाचा गडी," ती म्हणाली. "तांबडं फुटता निघा. ऊन तापायच्या आत पोचता."

रात्री तिथंच राहिलो. प्यायला दिलेल्या दुधाचे पैसे तिनं घेतले नाहीत. चटणी मात्र आवडीनं ठेवून घेतली.

सकाळी निघताना बाबांनी जावयाकडे नेसायचं नवं धोतर काढलं आणि टरकन फाडलं. एकेक तुकडा दोन्ही बैलांच्या पोटाखालून घेऊन पाठीवर बांधला. गाठ मारताना पवळ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "माह्यं चुकलं रे बापा."

बाबांनी कुणाची माफी मागितलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

ऊन चढायच्या आत सेमाडोह आलं. भाऊजींनी बाबांचं मळकं धोतर पाहिलं, मग बैलांचं पांढरंशुभ्र पाहिलं, आणि न विचारता त्यांना आपलं धोतर आणून दिलं. बाळ गोरंगोमटं होतं. पातळाच्या आडोशाला पाळण्यात झोपलेलं. चार दिवस राहिलो, आणि परतताना फक्त सकाळीच गाडी हाकली.

आता त्या रस्त्यानं मोटारीनं जाते. काचा वर असतात, डांस दिसतही नाहीत. जंगल तेच आहे, पण त्या वेळी ते अंगाला लागलं होतं, तसं पुन्हा लागलं नाही.

त्या वेळी सेमाडोहहून घरी आलो, त्या संध्याकाळी बाबांनी गोठ्यात धूर केला. आई खोकत बाहेर आली. "अवो, सारा धूर घरात येऊन राह्यला!"

"येऊ दे," बाबा हळूच म्हणाले. "दोघंबी बसले पाहा. रवंथ करून राहिले."

आई दारातच थांबली. मग पदर नाकाला लावून तीही बाबांशेजारी बसली.