मनुकांचं पाणी

काका गेल्याचा फोन माझ्या बहिणीने, मार्थाताईने केला, आणि रडत होती तीच. मी उरणला कामावर होतो. "येतो," एवढंच म्हणालो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, तेव्हा बोलतोच.

याकोबकाका म्हणजे थळच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे कारभारी. पाळक, म्हणजे पाद्री, अलिबागहून महिन्यातून एकदा येत, त्यांचंही काकांपुढे काही चालत नसे. लहानपणी रविवारच्या शाळेत अब्राहाम आम्हाला काकांनीच शिकवला. म्हातारा माणूस, मूलबाळ नाही, आणि देव त्याला शब्द देतो की तुझा वंश ताऱ्यांइतका होईल. "तेव्हा मोशे जन्मला होता का? त्याने आणलेलं नियमशास्त्र होतं का?" काका विचारायचे. आम्ही ओरडायचो, "नाही!" "मग? वचन आधी, नियम मागाहून. बापाने पोराला घर देईन म्हटलं, तर नंतर घराचे नियम काढून शब्द फिरवता येतो का?" काय सुरेख शिकवायचे! म्हणूनच जास्त चीड येते.

कारण ताईने गावातल्याच एका कोळ्याच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मुलगा हिंदू, बाप्तिस्मा घ्यायला तयार नव्हता. काकांनी भर उपासनेत तिला उठवून दाराजवळच्या बाकावर बसवलं. तेव्हापासून प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून घ्यायची भाकर आणि इवल्या पेल्यांचं ताट तिच्यासमोरून तसंच पुढे जायचं. आमच्याकडे द्राक्षारस म्हणून काळ्या मनुका उकळून गाळलेलं पाणी वापरतात, आणि आईच्या मागे ते ताईच करायची. शिक्षा दिल्यावरही काकांनी ते तिच्याकडूनच करून घेतलं! शनिवारी किटली न्यायला स्वतः यायचे, चमचाभर चाखायचे, "गोड झालंय" म्हणायचे. तिच्या हातचं चालायचं, तिने प्यायलेलं तेवढं चालत नव्हतं.

एकदा मी त्यांना ओट्यावरच गाठलं. "काका, वचन आधी हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"ते तारणाचं झालं, देव माणसाला वाचवतो त्याचं. मंडळीला शिस्त नको काय? आज हिला सोडली तर उद्या सगळीच तशी करतील."

"म्हणजे शब्द देवाने द्यायचा आणि फिरवायचा तुम्ही?"

किटली उचलून ते चालू लागले. ताई माझ्यावरच चिडली. "गप ऱ्हा ना! एक दिस बोलवतील मना."

नाही बोलावलं. शेवटच्या आजारपणात ती रोज पेज घेऊन जायची, चमच्याने भरवायची... तेव्हाही नाही.

परवा, काकांनंतरचं पहिलं प्रभुभोजन. पाळक ताट घेऊन थेट दाराजवळ आले. "मार्थाताई, घ्या." ताईने पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, काका बसायचे त्या. मग पदर सावरला आणि ताट हलकेच शेजारणीकडे सरकवलं.

बाहेर आल्यावर मी ओरडलोच. "आता कोण अडवतंय तुला?"

"कोन न्हाय," ती म्हणाली. "पन हात उठत न्हाय रे."

आणि रिकामी किटली विसळायला घेऊन ती विहिरीकडे गेली.