देवाजीच्या ओसरीवरचा थांबा

हेमराजभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडव्याच्या कार्यालयात त्यांच्या पुढच्या आठवड्याच्या दौऱ्याची आखणी करत होते. फोन ठेवला आणि त्याच कागदाच्या मागे लिहायला लागले : मैदान, मंडप, पाण्याचा टँकर, गाड्या कुठे लावायच्या, माईक कोणाकडे. रडणं त्यात कुठे बसवावं ते कळलं नाही. इतकी वर्षं मीच त्यांचे दौरे आखले. शेवटचाही नीट पार पडला. अडलं ते फक्त एका गोष्टीवर... अंगावर झेंडा कोणता?

भाऊ अनेकदा खासदार झाले आणि तीन वेगवेगळ्या पक्षांकडून झाले. त्यामुळे अंगणात तिन्हीकडची माणसं घडी घातलेले झेंडे काखेत धरून उभी. एक म्हणे, "पहली बार तो हमारे यहाँसे जीते," दुसरा म्हणे, शेवटची निवडणूक आमची. वहिनी, भाऊंच्या पत्नी, आतून बाहेर आल्या. "एकाले सोडून दुसऱ्याकडे जात होते, तवा कोनी हात धरला नाही. आता कायले ओढून राहिले?" मग माझ्याकडे वळल्या. "तू सारखी संगं होती. तूच सांग." मी म्हणाले, "एकही नको." भाऊ नुसत्या पांढऱ्या चादरीत गेले. गर्दीला ते शोभून दिसलं. काहींनी माझी पाठही थोपटली. पण मला आतून काहीतरी टोचत राहिलं, आणि त्या टोचण्याचं नाव होतं देवाजी.

चोरखमाऱ्याच्या तलावातून निघणाऱ्या पाटाच्या अगदी शेपटाकडच्या एका गावात देवाजी राहतो. विहाराला लागून घर, खंडानं केलेली धानाची बांधी, एवढंच शेत. भाऊंच्या पहिल्या निवडणुकीत हे दोघं एकाच सायकलवर गावोगाव फिरले. भिंती रंगवणारा देवाजी, भाषण करणारे भाऊ. पुढे भाऊंनी पहिला पक्ष सोडला. विरोधात बसून पाटाची दुरुस्ती होत नाही, हे कारण त्यांनी उघड सांगितलं होतं, आणि दुरुस्ती खरोखर झाली. शेपटापर्यंत पाणी पोचलं. देवाजीच्या बांधीतही पोचलं. पण देवाजी त्या पहिल्या पक्षातून जागचा हलला नाही. गावात त्याचं बोलणं सगळ्यांना पाठ होतं : "पानी घेतो. त्याइले घेत नाही."

तरीही त्या बाजूचा दौरा असला की भाऊंना तो थांबा हवाच असे. मी कागदावर 'चहा' एवढंच लिहायची. भाऊ ओसरीवरच्या खाटेवर पायथ्याशी बसायचे. देवाजी आत, दाराच्या पडद्यामागे. चहा आणायची त्याची बायको, सखूबाई. आणि भाऊ तिला अधिवेशनाचा सगळा हिशेब द्यायचे, सभागृहात बोलावं तितक्या मोठ्यानं. "वहिनी, यंदा धानाच्या भावाचा प्रश्न मांडला बरं!" सखूबाई पदरात हसायची. "मले काय समजते जी? ज्याले सांगून राहिले त्याइलेच सांगा ना." आतून खोकला आला की भाऊ थांबायचे, मुद्दा पुन्हा नीट मांडायचे. गाडीत बसताना विचारायचे, "आज दोनदाच खोकला ना गं?" दिल्लीतल्या टाळ्यांबद्दल त्यांनी मला असं कधी विचारलं नाही.

दुसऱ्यांदा पक्ष बदलला तेव्हा मात्र सांगण्यासारखा पाट नव्हता. पत्रकारांना द्यायचं निवेदन मीच टाइप केलं. भाषा चांगली होती, कारण कुठेच नव्हतं. त्यानंतरच्या दौऱ्यात भाऊ खाटेवर गप्प बसले. पडद्यामागूनही आवाज नाही... चहावर साय धरली.

शेवटचे गेलो तेव्हा आजारानं भाऊ खंगले होते. ड्रायव्हरनं आणि मी धरून त्यांना खाटेवर बसवलं. आणि पडदा सरकला. देवाजी उंबऱ्यात उभा राहिला. ना नमस्कार, ना तब्येतीची चौकशी.

"काऊन गेला होतास बे?"

"पाटासाठी, देवा."

"तो पयल्यांदा. मी दुसऱ्यांदाचं इचारून राहिलो."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. सभागृहात मंत्री उत्तरासाठी मागच्या अधिकाऱ्याकडे वळतो, तसं. "पुढच्या खेपेले सांगतो," भाऊ म्हणाले. देवाजीनं मान हलवली. "ये मंग. मी अटीच हाओ." अटीच, म्हणजे इथेच. तो कुठे जाणार होता?

कुडव्याला ज्या दौऱ्याचा कागद माझ्यासमोर होता, त्यात पहिला थांबा तोच होता.

परवा मी एकटी गेले. देवाजी ओसरीत खाली बसला होता. अंत्यदर्शनाला तो आला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं, "झेंडा कोन्ता टाकला, ताई?"

"एकही नाही. मीच नको म्हटलं. भांडण नको होतं."

त्यानं पाटाकडे पाहिलं. "म्हंजे बिनमानसाचा गेला," तो म्हणाला. "एखांदा तरी टाकाचा होता. आमचा नाही तं नाही, त्याइचा टाकाचा होता. एवढा फिरला, कोनाचा तं असन ना तो?"

सखूबाई चहा घेऊन आली. देवाजी उठला, आपला कप घेतला आणि खाटेवर बसला... उशाकडे, पायथ्याची जागा मोकळी सोडून.