उलट्या चाकाचा व्हॉल्व्ह

निम्मे तांदूळ निवडून झाले होते. परातीत एकीकडे स्वच्छ ढीग, दुसरीकडे खडे असलेला, आणि मधे डॉक्टरांची दोन बोटं. हे डॉक्टर औषधपाण्याचे नव्हेत. ते जहाजाच्या इंजिनरूममधले मुख्य फिटर. पंपावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचे, म्हणून सगळी गोदी त्यांना डॉक्टर म्हणे. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच लढाऊ जहाजावर काढली. ते जहाज आता जुनं झालं म्हणून सरकारने दुसऱ्या एका देशाच्या नौदलाला देऊन टाकलं होतं. शनिवारी ते कायमचं जाणार होतं, आणि त्याआधी शुक्रवारी डॉक्टरांच्या निवृत्तीचा समारंभ होता. गुरुवारी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरी होते.

"सहा आठवडे शिकवलंत त्या परदेशी पाहुण्यांना," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "आता तरी सुटलात."

"शिकवलं काय, घोटून घेतलं. जनरेटर, तेलाच्या टाक्या, एकशे बारा व्हॉल्व्ह. डोळे बांधले तरी चालवतील."

"आणि तुमचा तो उलटा?"

"कोणता उलटा?"

"घ्या! एकोणीस वर्षं ऐकून माझे कान किटले. कुणी नवा आला की आधी त्याला त्या चाकापाशी नेऊन उभं करायचात, आणि आता मलाच विचारताय?"

डॉक्टरांची बोटं तांदळात तशीच राहिली.

इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्या पाइपावरचा तो व्हॉल्व्ह. एकोणीस वर्षांपूर्वी जहाज निघायला दोन दिवस असताना तो मोडला. भांडारात दुसरा नव्हता. डॉक्टरांनी भंगारात निघालेल्या एका परक्या जहाजाचा काढून बसवला. बसला अगदी चपखल, फक्त त्याचे आटे उलटे. उजवीकडे फिरवला की बंद होण्याऐवजी उघडायचा. परत आल्यावर बदलू म्हणून कागदावर काही लिहिलं नाही, चाकाला लाल रंग फासला आणि मोकळे झाले. परत आल्यावर कोण बदलतो! लाल चाक उलटं, हे जहाजावरच्या स्वयंपाक्यालाही पाठ झालं, आणि मग ती चूक चूक वाटेनाशी झाली.

लाल चाक दिसतं तर डॉक्टरांनी पाहुण्यांनाही सांगितलंच असतं. पण घरची वस्तू दुसऱ्याला द्यायची तर नीटनेटकी द्यावी, म्हणून पाहुणे यायच्या आधी त्यांनीच उभं राहून सगळ्या इंजिनरूमला राखाडी रंग मारून घेतला होता. त्या रंगाखाली लाल चाकही गेलं. एरवी तो व्हॉल्व्ह अर्धा उघडा असतो, त्याला हात लागतो तो संकटातच. पाइप फुटला की कुणीतरी धावत येणार, शिकवल्याप्रमाणे चाक उजवीकडे फिरवणार, आणि पाणी थांबायचं सोडून दुप्पट येणार. खाली वीस माणसं.

"आलोच," म्हणत डॉक्टर उठले आणि पायात चपला सरकवल्या.

"अहो, निदान शर्ट तरी बदला!"

आधी ते गोदीतल्या साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

"डॉक्टर, व्हॉल्व्ह निर्दोष असल्याच्या दाखल्यावर सही कुणाची?"

"माझीच."

"मग? उद्या तुमच्या कौतुकाचं भाषण करायचंय मला. तुमच्यावर चौकशी बसवायला लावू नका. घरी जा, चहा घ्या."

"भाषण करा की साहेब. मी तेवढं सांगून येतो."

पाहुण्यांचा मुख्य इंजिनिअर टकला, जाड मिशांचा, सहा आठवड्यांत मोडकंतोडकं मराठी बोलायला शिकलेला. डॉक्टर त्याला घेऊन जहाजाच्या इंजिनरूममध्ये उतरले.

"उजवीकडे फिरवा."

त्याने फिरवलं. पाइपातली सळसळ वाढली. त्याने पुन्हा फिरवलं, ती आणखी वाढली. तसा तो चाक सोडून वळला.

"कुणी बसवला?"

जुनी माणसं कधीच पांगली होती. कुणाचंही नाव घेतलं असतं तरी खपलं असतं.

"मी," डॉक्टर म्हणाले.

"मग बदलला का नाही?"

"आम्हाला सवय झाली होती."

"म्हातारी नवरी आम्हाला दिली, आणि खोड लग्नानंतर सांगता!" इंजिनिअर म्हणाला, पण हसला नाही. "लिहून द्या. हा बदलेपर्यंत जहाज हलणार नाही."

डॉक्टरांनी हत्यारांच्या पेटीवर कागद ठेवून लिहिलं आणि खाली सही केली.

जहाज आठ दिवस अडकलं. नवा व्हॉल्व्ह दुसऱ्या फिटरांनी बसवला; डॉक्टरांना इंजिनरूममध्ये जायला मनाई झाली. शुक्रवारचा समारंभ रद्द झाला, सभागृहात मांडलेल्या खुर्च्या शिपायाने पुन्हा रचून ठेवल्या. घरी चौकशीची नोटीस आली: सोमवारी दहा वाजता जबाबासाठी हजर राहावे.

"मेली माझीच जीभ वाईट," बायको म्हणाली.

"देवानं तुझ्या तोंडून आठवण करून दिली. त्याला कशाला नावं ठेवतेस?"

"देवाला एकोणीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर बरं झालं असतं."

"तेव्हाही सुचवलं असेल त्यानं. मीच घाईत होतो."

नोटिशीसोबत जबाबासाठी गोदीत शिरायच्या नव्या पासाचा अर्ज होता, त्यावर दोन फोटो चिकटवायचे होते. डॉक्टरांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोटो काढायला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत निघाले.