घण, झटके आणि रशीदचं घड्याळ

दुपारी सव्वातीनच्या सुमारास माझा मोबाईल जोरात वाजू लागला. माझा मित्र रशीद याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला फिट आल्याचं कळवत होतं. काष्टीत माझं मेडिकलचं दुकान आहे. समोर एक आजी सुनेच्या गोळ्या समजून घेत उभ्या होत्या. मी आवाज बंद केला. मनात म्हटलं, घण मारत असणार. आजींना सगळं समजावून झाल्यावर रशीदला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला... मग मात्र दुकान उघडं टाकून पळालो. लोखंडकामाच्या शेडमध्ये तो हौदावर उपडा पडला होता. तापलेलं लोखंड विझवायचा हौद, गुडघ्याएवढाही खोल नाही. काठावर आपटून कपाळ फुटलं होतं, तोंड पाण्यात होतं आणि पाणी लाल झालं होतं. त्याला बाहेर ओढून मी छाती दाबत राहिलो. माझ्या तळव्याखाली त्याची बरगडी मोडली, तरी दाबत राहिलो. रशीद गेला होता.

याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही सातवीत असताना त्याला वर्गात पहिली फिट आली. बाक उलथला, त्याची टाच माझ्या हनुवटीवर बसली, तोंडातून रक्ताचा फेस आला. त्याच्या चुलत्यानं कुणाचं तरी ऐकून त्याला झाडाला बांधलं. मिरच्यांची धुरी दिली, ओल्या दोरानं झोडपलं आणि शेवटी तापवलेल्या विळ्यानं तळपायाला डाग दिला. आठ दिवसांनी शाळेत लंगडत आला, तेव्हा त्यानं मला तो पाय दाखवला. म्हणाला, "सुध्या, इळा लाल झाला हुता ना, तवा मी रडलो न्हाई. त्याचा रंगच बघत बसलो." पुढं त्यानं लोखंडाचंच काम धरलं, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

गोळ्यांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. घड्याळ आणि त्याचं ॲप आलं ते अलीकडं. नगरच्या डॉक्टरांकडं आम्ही दोघं गेलो होतो. रशीदनं सरळ विचारलं, "साहेब, हे चालतंय याला पुरावा काय?"

"आहे," ते म्हणाले, "पण बराचसा दवाखान्यात खाटेवर झोपलेल्या पेशंटचा. घण मारणाऱ्या माणसाचा माझ्याकडं नाही. आणि एक ध्यानात ठेव, हे फिट थांबवत नाही, फक्त हाक मारतं. गोळी चुकवायची नाही."

"मग घणवाल्याचा पुरावा मी देतो की!"

त्यानं शंभर पानी वही घातली. प्रत्येक इशारा, त्या वेळी काय चाललं होतं, खरा की खोटा. घणाचे ठोके घड्याळाला झटक्यांसारखेच वाटायचे. सुरुवातीला मी दर वेळी धापा टाकत जायचो, तर हा घण खांद्यावर टाकून हसत उभा. "लिही सुध्या, खोटा." हळूहळू मी आधी फोन करायला लागलो. त्यालाही ते पटलं होतं... हे मी सबब म्हणून लिहीत नाही.

एकदा रशीद बाजाराला गेला असताना इशारा आला. बाजारात कुठला घण? मी धावलो. रशीद एका कांदेवाल्याच्या ढिगात पडून झटके देत होता. पडताना त्याचा हात त्या माणसाच्या बायकोला लागला होता. "दारू पिऊन बाईमाणसाच्या अंगावर जातो व्हय रं!" म्हणत चौघं त्याला लाथा घालत होते. अंगाला झटका बसला की त्यांना वाटे, हा उलटा मारतोय, आणि लाथ आणखी जोरात बसे. कांदेवाल्यानं तराजूचं वजन त्याच्या खांद्यावर हाणलं. मी त्याच्या अंगावर आडवा पडलो. "फिट आलीय त्याला!" ओरडेपर्यंत माझ्याही पाठीत दोन बसल्या. रशीदचं गळ्याजवळचं हाड मोडलं, दात पडला. शुद्धीवर आल्यावर त्यानं मला वहीत लिहायला लावलं: "खरा. ॲपनं बरोबर हाक मारली. माणसं मारत हुती, हे त्याला कळलं न्हाई."

रशीद काही संत नव्हता. हाड जुळल्यावर तो शर्टात हातोडी घालून बाजारात गेला. मी मागोमाग. त्यानं कांदेवाल्याची गचांडी धरून अशी थोबाडीत दिली की तो पोत्यांवर कोसळला. हातोडी वर गेली. मी त्याचा दंड धरला, पण तो माझ्यानं हलेना. मग त्यानं स्वतःच हातोडी पोत्यावर टाकली.

"ऊठ. असा मानूस पडला तर कुशीवर वळवायचा. तोंडात काय घालायचं न्हाई. दाबून धरायचं न्हाई. सांग परत."

फुटक्या ओठानं त्या माणसानं सगळं परत सांगितलं. रशीदनं दोनदा म्हणून घेतलं.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, नसीमनं, मला विचारलं, "भाऊजी, तुमचा फोन वाजला हुता ना?"

"वाजला होता."

"मग?"

मी सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी माझा शर्ट धरला, फाटेपर्यंत ओढला आणि छातीवर मुठी मारत राहिली. मी उभा राहिलो. थकल्यावर ती वळली, शेडमध्ये जाऊन घण उचलला आणि तो हौद फोडला. विटा निघेपर्यंत फोडला. कुणी मधे गेलं नाही.

वहीतली शेवटची ओळ मी लिहिली: "खरा. मित्राला खोटा वाटला. तो आठ-नऊ मिनिटं उशिरा निघाला." वही डॉक्टरांना दिली. ती ओळ त्यांनी वाचल्यावर मी विचारलं,

"लगेच गेलो असतो तर वाचला असता?"

"कदाचित. नक्की सांगता येणार नाही." त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. "किती हाका खोट्या ठरल्या की माणूस धावायचा थांबतो, हेही मोजायला हवं. हे मी इतरांना दाखवीन."

शेड आता नसीमचा भाऊ चालवतो. परवा बिजागरी घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, "दाजींनी हे काय करून ठिवलंय बघा." लोखंडी टेबल, ऐरणीचा ठोकळा, रॅक... माणूस पडला तर डोकं लागेल तिथला प्रत्येक कोपरा रशीदनं ग्राइंडरनं घासून गोल केला होता. विटांच्या हौदाचा काठ तेवढा राहून गेला होता. कधी केलं, मला बोलला नव्हता. मी टेबलाच्या कडेवरून हात फिरवत गेलो. कुठंच काही टोचलं नाही.