रांगण्याचा पाऊस आणि सर्जेरावांचे पाय

"यंदा मी रांगण्याला जाणार. तू आलीस तर आलीस," आमचे सर्जेराव चहा पिता पिता म्हणाले, आणि माझा चहा कपातच गार झाला. रांगणा किल्ला कोल्हापूरपासून गाडीनं तीनेक तासांवर. लग्नाआधीपासून हा माणूस भर पावसात तिथं जातो. पण शुगरमुळं यांच्या पायांची जाणीव गेलीय. दोन वर्षांपूर्वी बुटात खडा राहिला, दिवसभर टोचला, यांना कळलंच नाही. ती जखम भरायला चार महिने लागले. पुन्हा चिघळली तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. बाहेर मात्र यातलं अवाक्षर काढायचं नाही, अशी यांची मला ताकीद. एकट्याला सोडायचा प्रश्नच नव्हता.

आठवडाभर माझ्या डोक्यात फक्त पाय होते. तुम्हीही पावसात डोंगर चढणार असाल तर सुती मोजे घरीच ठेवा. ते भिजले की वाळत नाहीत आणि पाय गारठवतात. आम्ही लोकरीचे सहा जोड घेतले. बूट एक नंबर मोठे, म्हणजे जाड मोज्यातही बोटं हलतात. तळव्यांना व्हॅसलीन, बोटांच्या बेचक्यात मात्र नुसती पावडर. कोरडे मोजे मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरले.

"मोज्यांस्नी डबा आन् माझ्या भाकरीला पिशवी व्हय?" सर्जेराव म्हणाले.

"व्हय. भाकरी भिजली तर चालंल."

पहाटे साडेपाचला निघालो. बिद्रीच्या साखर कारखान्यात पावसाळ्यामुळं सामसूम होती. गारगोटीत मिसळ खाल्ली, चांगली झणझणीत होती, पण मला दुसरा पाव गेला नाही. पेट्रोल इथंच भरून घ्या. पाटगावपर्यंत रस्ता बरा आहे, पुढं खड्डे चुकवत जावं लागतं. गाडी पायथ्याच्या वाडीत पारूमावशींच्या दारात लावली. तीस वर्षं हे तिथंच लावतात.

पाऊस आडवा मारत होता. दर अर्ध्या तासानं मी यांना दगडावर बसवायची, बूट काढायला लावायची, बोटं एकेक करून बघायची. ओढ्यातून अनवाणी जायचं नाही, हा माझा नियम. बुटासकट पार व्हायचं, पलीकडं पाणी ओतायचं, मोजे पिळायचे, पाय पुसून कोरडा जोड चढवायचा. पहिला ओढा गुडघाभर होता. दुसऱ्या ओढ्याशी पायाला दोन जळवा निघाल्या, त्याही यांना कळल्या नव्हत्या. लोक धबधब्याचे फोटो काढत होते आणि मी घड्याळ बघत होते. इचलकरंजीच्या पोरांचा एक घोळका मागून आला.

"काका, काकू लय लाड करत्यात की तुमचं," त्यातला एक म्हणाला.

सर्जेरावांचा चेहरा पडला. "लोकं बघत्यात. बस कर आता," ते माझ्यावर खेकसले. मी दुसरा बूट काढला.

गडावरच्या रांगणाईच्या देवळात अनवाणीच जायचं. मी आधी फरशीवरून हात फिरवला, खडे वेचले, मग यांना आत सोडलं. देवीपुढं मी काय मागितलं असेल ते तुम्हाला कळलं असेलच.

चारच्या सुमारास वाडीत उतरलो. पाय तपासले तर साधा ओरखडाही नव्हता. दिवसभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. शेवटचा कोरडा जोड गाडीत राखून ठेवला होता, तो आणायला मी गेले. गाडीचं दार जरा अडकलं, तेवढाच काय तो उशीर. परत येते तर सर्जेराव सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून मावशींशी म्हशीच्या दुधावर बोलतायत आणि दोन्ही पाय घमेल्यात. घमेल्यातून वाफ येत होती.

मी पाण्यात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. त्यांचे पाय ओढून काढले तेव्हा ते घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते.

"पावणं गारठून आल्यात, म्हनून कडत पानी दिलं," मावशी घाबरून म्हणाल्या. "आवं, पोळलं तर सांगायचं न्हाय व्हय?"

मी गार पाणी ओतत होते. सर्जेराव खाली बघत राहिले. "कळत न्हाय मावशी," ते म्हणाले. "पायाला कायबी कळत न्हाय."

परक्या माणसापुढं हे ते पहिल्यांदाच बोलले. मावशींनी आणखी एक कळशी पुढं केली. "मग तोंड हाय की सांगायला," त्या म्हणाल्या.

गारगोटी येईपर्यंत मी दोनदा गाडी थांबवून त्यांचे पाय पाहिले. मला त्यांचा राग होता, त्याहून जास्त माझा. दिवसभर गारठ्याशी भांडले आणि उबेचा विचारच केला नाही. ज्यांच्या पायांना कळत नाही, त्यांनी गरम पाणी आणि चूल लांब ठेवावी. पाय पुसावेत, कोरडी लोकर चढवावी, बास. डाव्या टाचेवर फोड आलाच. महिनाभर ड्रेसिंगला जात होतो. जखम भरली, बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत.

रांगण्याचं धुकं मी पाहिलंच नाही, फोटोही एकच आहे, त्यात बूट आहेत. सर्जेराव आधी आंघोळीला कडी लावून बसायचे, पाणी किती कढत आहे असं विचारलं तर चिडायचे. आता कडी लावत नाहीत. रोज सकाळी मी भाकरी थापत असते तेव्हा आतून हाक येते, "अगं, जरा हात घालून बघ की." मी पिठाचा हात झटकते आणि जाते.