खाली वाकणारा साहेब

फोन शबानाचा होता, युसूफभाऊच्या मुलीचा. तिनं तोंड उघडण्याआधीच मी सुरू झालो, "तुया अब्बाले विचार, शेरवानीची कॉलर सैल केली का नाई? तालीम खोळंबून राह्यली ना इथी!" ती म्हणाली, "मास्तरकाका, अब्बा गेले ना पहाटे." आणि मी, चाळीस वर्षं पोरांना शहाणपण शिकवलेला माणूस, म्हणालो, "बरं, मग कॉलरचं उद्या पाहू." महिना उलटून गेला, हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळत नाही.

युसूफभाऊ आमच्या गावचा टेलर. झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर असलेल्या वडशाच्या किती नाटक कंपन्यांचे राजे आणि दरोडेखोर त्यानं शिवलेल्या कपड्यांत मिरवले असतील! पण गावात त्याची ओळख वेगळी होती. तो खानबहादुरांचा नातू. इंग्रजांच्या काळात नागपूरच्या कौन्सिलात बसणारे आणि आमच्या गावात मुलींची पहिली शाळा काढणारे ते खानबहादूर. हिंदू, मुसलमान, गोंड, सगळ्यांच्या पोरी त्यांनी एका सतरंजीवर बसवल्या. "पोरगी शाळेत गेली तं चूल कोन पेटवन?" असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे म्हणे, "मी येतो पेटवाले, तू पोरगी धाड." खरंखोटं कोण जाणे. माझी आई मात्र त्याच शाळेत लिहायला शिकली, आणि आज शबाना तिथंच शिकवते.

त्या खानबहादुरांवर मी नाटक लिहिलं. दर हिवाळ्यात मंडईला, म्हणजे आमच्या गावजत्रेला, त्याचा प्रयोग होतो. युसूफला म्हटलं, अरे, तू सख्खा नातू, नाकसुद्धा तेच, तूच खानबहादूर हो. तर म्हणे, "नाई बा, मी साहेब होतो." मग खानबहादूर झालो मी, आणि हा तोंडाला पावडर फासून कलेक्टर! शेवटच्या प्रवेशात साहेब शाळा बंद करायचा हुकूम काढतो आणि खानबहादूर सरकारनं दिलेलं पदक छातीवरून उपटून त्याच्या पायाशी फेकतात. टाळ्या, शिट्ट्या, मंडप डोक्यावर! साहेबानं तेव्हा नुसतं ताठ उभं राहायचं. पण हा गडी दरवेळी खाली वाकायचा, पदक उचलायचा आणि रुमालानं पुसायचा. मी दात-ओठ खायचो. "अबे, गोरा साहेब कधी वाकते काय? लोट्याच्या बुडाचं तं पदक, तूच कापलं, काऊन उचलून राह्यला?" "कोनाच्या पायाखाली येईन ना," एवढंच म्हणून सुईत दोरा ओवायला घ्यायचा.

शेवटचा भेटलो तो त्या शेरवानीपायीच. कॉलर गळ्याला काचत होती. शिवाय चष्म्यासाठी एक खिसा लावून दे म्हणून मी वर्षानुवर्षं त्याच्या मागे होतो, आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "नटाले खिसा कायले पायजे?" त्या दिवशी तो खोकत होता, चेहरा उतरला होता. मध्येच आजोबांचा विषय काढून म्हणाला, "मास्तर, दादानं फेकलं नव्हतं."

"काय?"

"पदक. पेटीत आहे आमच्या. फेकलं असतं तं शाळेले कुलूप लागलं असतं. ते छातीवर लावूनच दादा साहेबापुढं गेला अन् हात जोडले, तवा शाळा वाचली. लोकं त्याले साहेबाचा कुत्रा म्हनत."

माझं डोकंच फिरलं. "मंग इतकी वर्षं तोंडात मूग भरून बसला होता काय बे?"

त्यानं मशीनचं चाक हातानं फिरवलं. "लोकं टाळ्या वाजवत ना. मलेबी वाटे, फेकलं असतं तं बरं झालं असतं."

"मंग आता मी काय करू? फेकू का नको?"

"मले काय विचारतं? खानबहादूर तू आहे. शेरवानी ठेवून जा."

आता सांगा, काय करायचं माणसानं? पदक फेकलं तर जाणूनबुजून खोटं बोलतो. हात जोडले तर गाव म्हणेल, दोस्त मेला आणि यानं त्याच्या आजोबाची अब्रू काढली. त्या जोडलेल्या हातांमुळे माझी आई शिकली हे कळतं, पण ते हात डोळ्यांपुढे आले की मला रागच येतो. कुणाचा, तेही कळत नाही. शबानाला विचारलं तर म्हणाली, "काका, शाळेतल्या पोरी पाहाले येतात. त्यायले काय दाखवाचं ते तुमीच ठरवा." बापाचीच लेक!

परवा तिनं शेरवानी आणून दिली. अंगात घातली. कॉलर होती तशीच, काचणारी. पण आत, डाव्या बाजूला, एक नवा खिसा होता, बारीक टाक्यांचा, वर बटण लावलेला. मी खूश झालो, त्यात चष्मा घालून पाहिला. मावला नाही. मग नाटकातलं पदक घातलं. ते नेमकं बसलं, बटणही लागलं. मी तसाच आरशापुढे उभा राहिलो, खिशावर हात ठेवून. वेडा माणूस... तोंडानं सांगायला काय झालं होतं?

मंडई तोंडावर आली आहे. युसूफच्या जागी नवा साहेब वडशाहून यायचा आहे, अगदी ताठ उभा राहतो म्हणतात. पदक फेकलं, तर ते उचलायला आता कुणी वाकणार नाही.