अभिप्रायवहीतले आमचे साडू

पुण्यात एखादी वस्तू काचेच्या कपाटात गेली आणि आमच्या साडूंनी ती पाहिली नाही, असं आजवर घडलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी मला धायरीहून शहरात बोलावून घेतात. मोठ्या, नावाजलेल्या संग्रहालयांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. "जिथे तिकिटाला रांग लागते, तिथे माणसं माणसंच बघतात," असं त्यांचं मत. त्यांना हवी असतात ती शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावरची, शाळेच्या मागच्या खोलीतली, किल्ली शेजारच्यांकडे असलेली संग्रहालयं. माझ्या पुतणीचा नवा नवरा वाघोलीहून पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा त्याला त्यांनी चार तास जुन्या शिवणयंत्रांपुढे उभं केलं. पोरांनी एकदा कात्रजचे साप पाहायचा हट्ट धरला, तर म्हणाले, "साप कुठे जात नाहीत. ही दिव्यांची खोली मात्र कधी बंद होईल सांगता येत नाही." पोरं त्या दिवशी कंदील पाहून घरी आली.

त्यांच्याबरोबर संग्रहालय पाहणं ही शिक्षा आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. पिशवीत स्वतःचा टॉर्च, भिंग आणि काच पुसायला फडकं असतं. पहिल्या चिठ्ठीपासून वाचायला लागतात ते आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचनांपर्यंत. मध्ये पाणी नाही, टेकणं नाही. माझे पाय भरून आले की म्हणतात, "तुम्ही पुढे व्हा," आणि पुढे भिंत असते. शेवटी अभिप्रायवही. "छान वाटले" असं लिहिणाऱ्याने काही पाहिलेलंच नसतं, असा त्यांचा सिद्धांत. मनापासून पाहिलं की उणं दिसतंच, आणि दिसलं की सांगायचं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला बोलावून अळूच्या भाजीतल्या सहा चुका सांगितल्या आणि तीच भाजी तिसऱ्यांदा वाढून घेतली. आचारी अजून मला त्याबद्दल विचारतो.

या सगळ्यात त्यांचा खरा जीव होता तो एका पेठेतल्या मापांच्या संग्रहालयावर. किलो आणि लिटर आले तेव्हा लोक जुनी मापं मोडीत घालायला लागले, ती एका धान्यव्यापाऱ्याने गोळा करून ठेवली होती. पायल्या, अधोल्या, शेर, मापटी, चिपटी, सोनाराच्या गुंजा, सगळं दोन खोल्यांत मांडलेलं. तिथे शिरलं की साडूंचा आवाज खाली यायचा. पितळी चिपटं हातात घेऊन "आमची आई यानेच तांदूळ घ्यायची" एवढंच म्हणायचे. मग वही ओढून घ्यायचे आणि लिहायचे : "चिपटे व मापटे यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे. पंखा बंद. उजेड अपुरा. दुरुस्ती व्हावी." पुढच्या महिन्यात : "मागील अभिप्राय पाहावा. स्थिती तशीच." खाली नाव नाही, नुसतं "एक अभ्यागत". असं अकरा वर्षं चाललं.

गेल्या श्रावणात दारावर पाटी दिसली : "संग्रहालय महिनाअखेर कायमचे बंद होत आहे. कारण विचारू नये." साडू अर्थातच मला घेऊन कारण विचारायला गेले. व्यापाऱ्याचा नातू आता विश्वस्त आहे. मुलगा सज्जन. त्याने चहा मागवला.

"काका, आजोबांची आठवण आहे, आम्हालाही वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण फीडबॅक बघा ना." त्याने अभिप्रायवही पुढे सरकवली. "एक व्हिजिटर खूश नाही. दर महिन्याला तक्रार. मीटिंगमध्ये हीच वही ठेवली. सगळे म्हणाले, लोकांना नकोच आहे तर चालवायचं कशाला? जागेचा करारही झालाय आता."

साडूंनी चष्मा लावून पानं उलटली. पानामागून पान तेच एक वळणदार अक्षर होतं. मी चहाच्या कपात बघत बसलो.

"हे सगळं मी लिहिलंय," ते म्हणाले.

मुलगा गोंधळला. "तुम्ही? मग आवडत नव्हतं तर दर महिन्याला येत कशाला होतात?"

"आवडत होतं म्हणून तर लिहिलं."

"तसं कुठे लिहिलंय, काका?"

त्याने ते खवचटपणे विचारलं नव्हतं. खरोखरच तो पानं चाळून शोधायला लागला. साडूही त्याच्याबरोबर वाकून शोधत होते. अकरा वर्षांत त्यांना तसं एक वाक्य सापडलं नाही.

महिनाअखेरीला आम्ही दोघं बांधाबांध करायला गेलो. मापं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरली. ती कुठल्याशा गोदामात जाणार होती आणि गोदामातून पुढे कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. साडूंनी त्या दिवशी कशातही एक चूक काढली नाही. मला ते बघवेना. बाहेर पडल्यावर बराच वेळ चालून ते थांबले आणि म्हणाले, "अहो, तीस वर्षं मी शाळांचे अहवाल लिहिले. त्यातल्या किती बंद पडल्या असतील?"

मी रिक्षा थांबवली. एरवी रिक्षाला नाक मुरडणारे साडू निमूटपणे आत बसले. त्यांच्याशिवाय माझे रविवार कसे गेले असते, मला या शहरात त्यांच्याइतकं जवळचं कुणी नाही, हे सांगायची वेळ हीच होती आणि मला ते कळतही होतं. दोन चौक गेले. मी घसा खाकरला.

"जरा आत सरकून बसा हो," मी म्हणालो, "ऊन लागतंय तुम्हाला. एवढंही कळत नाही का?"

ते सरकून बसले.